कालवांच्या शिंपल्यातील भोक : मांसाहारी समुद्री गोगलगायींचा परिचय

रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या खाडीत ओहोटीचे पाणी उतरू लागले म्हणजे तिसऱ्या व खुबे वेचण्यासाठी बायकामुले टोपल्या घेऊन चिखलात उतरतात. जिवंत शिंपल्यांबरोबर रिकामे शिंपलेही पुष्कळ हाती लागतात आणि ते बहुधा कोणी निरखून पाहत नाही. त्यांपैकी काहींच्या पाठीवर बिजागरीजवळ एक लहानसे वाटोळे भोक असते. सुताराने सामत्याने पाडावे तितके ते सुबक असते. मुले अशा शिंपल्यांच्या माळा करतात, कारण दोरा ओवण्यास छिद्र आयतेच मिळते. परंतु कालवे किंवा शिंपले यांवर ज्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो त्याने त्या छिद्राकडे खेळणे म्हणून पाहून चालणार नाही. आतील जीव आपोआप मेला नसून तो खाल्ला गेला आहे, याचा तो पुरावा होय.

खाणारा प्राणी म्हणजे एक गोगलगाय. शेतकऱ्यास गोगलगाय ठाऊक असते ती पाने कुरतडणारी. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले व कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. त्यामुळे हा प्राणी शाकाहारी असतो असा सर्वसाधारण समज आहे. समुद्रात मात्र याच वर्गातील शेकडो जाती केवळ मांसावर जगतात. त्या कालवे, शिंपले, किडे आणि मासेही खातात; काही तर आपल्याच जातभाईंनाही सोडत नाहीत. देव्हाऱ्यात पूजिला जाणारा शंख ज्या प्राण्याचे घर आहे, तो मन्नारच्या आखातात व सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाळूत राहणारा प्राणीसुद्धा मांसाहारीच असून तो वाळूतील किड्यांवर उपजीविका करतो.

कोकणात कालवपालन व शिनाणेपालन या धंद्यांकडे अलीकडे लक्ष वळले आहे. महाराष्ट्र शासनाच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत २०१७ पासून खेकडापालनाबरोबर कालवपालनासही स्थान मिळाले. या धंद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यास खाद्य विकत घालावे लागत नाही. कालव पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खाते व वाढते. भांडवल लागते ते बांबू, दोर, बी आणि मुख्यतः मेहनत यांचे. आणि ही मेहनत बहुतांशी स्त्रियांची असते. म्हणूनच सहा-आठ महिने जोपासलेल्या माळेवरील निम्मे शिंपले एके दिवशी पोकळ निघाले तर ते नुकसान कोठून आले, हे ग्रामसेवकास व ग्रामसेविकेस सांगता आले पाहिजे. पाणी बिघडले, कोणाची नजर लागली, शेजाऱ्याने काही टाकले, असे तर्क चालू असतात. शिंपला हातात घेऊन पाहिल्यास पुष्कळदा उत्तर तेथेच मिळते.

भोक कसे पडते

गोगलगायीच्या तोंडात जिभेसारखी एक चिवट पट्टी असते. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या ओळीमागून ओळी असतात. पुढचे दात झिजले की मागचे पुढे सरकतात. कानशीने लाकूड खरवडावे तशी ही पट्टी अन्न खरवडते. पुष्कळ काळपर्यंत विद्वानांचा असा समज होता की, कालवाचे कवच केवळ या पट्टीने घासून भेदले जाते. दुसरा पक्ष म्हणे की हे काम आम्लाचे आहे. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये निघाली. मेलबोर्न कॅरिकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपले बहुतेक आयुष्य या एकाच प्रश्नास वाहिले व सारी क्रिया बारकाईने पाहून नोंदविली.

युरोसॅल्पिंक्स नावाची कालवभेदी गोगलगाय बोटाच्या एका पेराहून क्वचितच मोठी असते. तिच्या पायाच्या तळव्यात एक लहान इंद्रिय असते. ती प्रथम शिंपल्यावर चढून जागा निवडते आणि मग ते इंद्रिय त्या जागी दाबून धरते. त्यातून स्रवणारा आम्लयुक्त रस कवचातील चुना मऊ करतो. सुमारे अर्धा तास हे काम चालते. त्यानंतर इंद्रिय आत ओढून घेऊन ती सोंड पुढे करते आणि मऊ झालेला भाग दातांच्या पट्टीने एखादा मिनिट खरवडून गिळते. पुन्हा इंद्रिय, पुन्हा सोंड, असे आळीपाळीने रात्रंदिवस चालते. कवच पातळ असेल तर काही तासांत काम उरकते, जाड असेल तर दिवस लागतात. भोक आरपार गेले की सोंड आत जाते व कालवाचा मऊ देह थोडा थोडा करून खाल्ला जातो. बिचाऱ्या कालवास पळता येत नाही. शिंपला घट्ट मिटून घेणे एवढा एकच बचाव त्यास ठाऊक असतो आणि या शत्रूपुढे त्याचा उपयोग होत नाही.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येते. ज्याचे कवच पातळ ते आधी मरते. म्हणजे सर्वांत मोठी हानी लहान बियांची होते, आणि बी इतके बारीक असते की त्याचे मेलेले शिंपले वाहून जातात व मालकास पत्ताही लागत नाही. बी कमी बसले असे तो समजतो. वास्तविक बी बसलेले असते, परंतु ते खाल्ले गेलेले असते.

वाळूत व चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांचा शत्रू निराळा. नॅटिका व तिच्या जवळच्या जाती या वाटोळ्या, गुळगुळीत, लहान चेंडूसारख्या गोगलगायी होत. यांचा पाय प्रचंड मोठा असतो आणि तो नांगराच्या फाळासारखा वाळूत शिरतो. या वाळूखालून चालतात, पुरलेला शिंपला शोधून काढतात, त्यास पायाने संपूर्ण गुंडाळतात आणि मग शांतपणे भोक पाडण्यास बसतात. त्यांचे रस स्रवणारे इंद्रिय पायात नसून सोंडेच्या टोकाखाली असते. अमेरिकेतील अशा एका जातीचा वेग मोजला असता दिवसास सुमारे अर्धा मिलिमीटर भरला. काळबादेवीच्या मुलांच्या माळेतील सुबक भोके बहुधा याच वर्गाची.

दोन्ही भोकांत फरक आहे आणि तो साध्या डोळ्यांनी ओळखता येतो. नॅटिकाचे भोक बाहेरच्या बाजूस रुंद व आत अरुंद, म्हणजे वाटीच्या आकाराचे उतरते असते. कालवभेदी गोगलगायीचे भोक लहान असून त्याच्या कडा जवळजवळ सरळ असतात. पहिले दिसल्यास शत्रू वाळूत शोधावा, दुसरे दिसल्यास खडकावर, खांबावर किंवा माळेवर. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर थाइस गटातील जाड कवचाच्या, खरबरीत गोगलगायी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांची स्थानिक नावे गावोगाव बदलतात, म्हणून नावापेक्षा रूप लक्षात ठेवणे बरे.

याच कुळातील भूमध्य समुद्रातील म्युरेक्स गोगलगायींपासून प्राचीन काळी राजवस्त्रांचा जांभळा रंग काढीत असत. थाइस ठेचल्यास तिच्यातील ग्रंथीचा रस उन्हात जांभळा होतो, तो याच नात्यामुळे. हाताला लागलेला हा डाग लवकर जात नाही.

सर्वच शत्रू भोक पाडतात असे नाही. तमिळनाडूत तुतिकोरीन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ साली मोत्यांच्या कालवांपासून कृत्रिम संवर्धनाचे मोती मिळविले. तेथे पिंजऱ्यांत ठेवलेल्या कालवांना सिमॅटियम नावाच्या गोगलगायीचा मोठा उपद्रव झाला. ही शिंपल्याच्या फटीतून सोंड आत घालते व मऊ देह खाते. कवचावर खूण राहत नाही. तिची पिले पाण्यातून तरंगत येतात, इतकी बारीक असतात की जाळीतून सहज आत शिरतात, आणि आतील कालवांवर पोसून मोठी होतात. बाहेरून पिंजरा अगदी शाबूत दिसतो.

मेलेल्या शंभरांची मोजणी

मर वाढल्याची तक्रार आली म्हणजे ग्रामसेवकाने प्रथम रिकाम्या शिंपल्यांची मोजणी करावी. वाफ्यातून किंवा माळांवरून शंभर रिकामे शिंपले, निवड न करता, गोळा करावेत व त्यांचे ढीग लावावेत. भोक असलेले एका बाजूस ठेवावेत. कडा फुटलेले किंवा चुरडलेले दुसऱ्या बाजूस. हे बहुधा खेकड्यांचे किंवा माशांचे काम असते. अखंड व बिनभोकाचे शिंपले तिसऱ्या ढिगात जातील. या तिसऱ्या ढिगाचा अर्थ लावणे कठीण असते. गाळ बसून गुदमरणे, कडक ऊन, पुराचे गोडे पाणी, रोग, किंवा नुकतीच सांगितलेली सिमॅटियमसारखी गोगलगाय यांपैकी काहीही कारण असू शकते. अशा वेळी आसपास जिवंत गोगलगाय सापडते की नाही ते पाहावे. भोकाचा ढीग मोठा निघाल्यास मात्र संशयास जागा उरत नाही. ही मोजणी महिन्यातून एकदा करून वहीत लिहून ठेवल्यास पुढील वर्षी तिचा फार उपयोग होतो. ही साधी वही बहुतेक ठिकाणी नसते, हे खेदाने नमूद करावे लागते.

बियाण्याबरोबर येणारा शत्रू

युरोसॅल्पिंक्सची पिले पाण्यात पोहत नाहीत. मादी कठीण वस्तूवर लहान लहान पिशव्या चिकटविते व त्यांतून पूर्ण तयार झालेली, रांगणारी पिले बाहेर पडतात. असा प्राणी स्वतःच्या पायाने समुद्र ओलांडू शकणार नाही. तरीही मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ही गोगलगाय १९२० च्या दशकात इंग्लंडमधील एसेक्स परगण्याच्या खाड्यांत आढळून आली. अमेरिकेतून आणलेल्या कालवांच्या बियाण्याबरोबर ती आली होती. म्हणजे कालववाल्यांनी आपला वैरी स्वखर्चाने घरी आणला.

काळ्या समुद्राचे उदाहरण याहून भयंकर आहे. जपान, चीन व कोरिया यांच्या किनाऱ्यांवरील रापाना नावाची, मुठीएवढी होणारी गोगलगाय १९४७ साली नोव्होरोसिस्कच्या उपसागरात प्रथम दिसली. पुढील काही वर्षांतच कॉकेशसच्या किनाऱ्यावरील गुदाउता येथील कालवांचे विस्तीर्ण क्षेत्र तिने जवळजवळ उजाड केले. तेथे तिला खाणारे कोणी नव्हते, आणि तिची पिले पोहणारी असल्यामुळे प्रसारास आडकाठी नव्हती. पुढे तुर्कस्तान व बल्गेरिया येथील मच्छीमारांनी हीच गोगलगाय पकडून तिचे मांस जपानला पाठविण्याचा धंदा उभारला. यास एक प्रकारचा सूड म्हणावयाचा. परंतु गेलेली कालवे त्याने परत आली नाहीत. १९९८ साली ती अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातही आढळली.

यावरून कोकणातील पालकाने घ्यावयाचा बोध बियाण्यासंबंधीचा आहे. दुसऱ्या खाडीतून बी आणताना प्रत्येक गुच्छ हाताळून पाहावा. गोगलगायी तर काढाव्यातच, परंतु त्यांच्या अंड्यांच्या पिशव्या अधिक धोक्याच्या असतात. थाइस गटाच्या पिशव्या भाताच्या दाण्याएवढ्या, पिवळसर, उभ्या व दाटीने चिकटलेल्या असतात. आतील अंडी मेल्यावर त्या जांभळट दिसू लागतात. अशी चकती शिंपल्यावर दिसल्यास ती खरवडून काढावी. बी काही काळ गोड्या पाण्यात बुडविणे हा जुना व उपयुक्त उपाय आहे. कालव शिंपला मिटून बसते व तग धरते, गोगलगायीस मात्र गोडे पाणी मानवत नाही. तथापि सर्व बी एकदम न बुडविता प्रथम थोड्या बियांवर प्रयोग करून किती वेळ सोसते ते पाहावे, कारण कोवळे बी, मोठे कालव व शिनाणे यांची सहनशक्ती सारखी नसते.

गोड्या पाण्याचे बळ किती असते ते चेसापीक उपसागरातच दिसून आले. जून १९७२ मध्ये ॲग्नेस नावाच्या वादळाने तेथे महापूर आला. नद्यांच्या मुखांतील पाणी आठवडेच्या आठवडे गोडे राहिले. कालवे पुष्कळ मेली, परंतु कालवभेदी गोगलगायी कित्येक भागांतून समूळ नाहीशा झाल्या. आणि त्यांना पोहणारी पिले नसल्यामुळे त्या परत येण्यास फार काळ लागला. कोकणात पाऊस दर वर्षीच खाड्यांचे पाणी गोडे करतो. त्यामुळे खाडीच्या आतील अंगाची कालवे मुखाजवळच्या कालवांपेक्षा या शत्रूपासून साधारणतः सुरक्षित असतात. मात्र फार आत गेल्यास वाढ मंदावते व पुरात मर होते. जागा निवडताना दोन्हीकडचा विचार करावा लागतो आणि येथे गावातील जुन्या कालववाल्यांचा अनुभव पुस्तकापेक्षा अधिक कामाचा ठरतो.

पावसाळा संपून पाणी पुन्हा खारे होऊ लागले की राखणीस लागावे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीस खांब, दगड व माळा तपासून गोगलगायी हाताने वेचणे, हा उपाय कंटाळवाणा खरा, परंतु त्याच्याइतका खात्रीचा दुसरा नाही. वेचलेल्या गोगलगायी किनाऱ्यावर टाकून देऊ नयेत. पुढच्या भरतीस त्या परत जातात. त्यांच्या कवचाच्या तोंडावर खवल्यासारखे झाकण असते. ते मिटून त्या कोरड्यात बराच काळ जिवंत राहतात. समुद्रापासून दूर नेऊन ठेचून खड्ड्यात पुराव्यात. वाळूच्या पट्ट्यावर कधी कधी रबराच्या तुटक्या कॉलरीसारखी, वाळूचीच बनलेली वाटोळी पट्टी पडलेली दिसते. ती कचरा नव्हे. नॅटिकाने वाळू व चिकट द्रव यांत आपली हजारो अंडी गुंफून केलेले ते घरटे होय. शिंपल्यांच्या वाफ्यातून ते उचलून न्यावे.

माळा तळाला टेकू न देणे हे दुसरे महत्त्वाचे काम. रांगणाऱ्या गोगलगायीस वर चढण्यास वाट लागते. लटकती माळ तळापासून हातभर वर राहिल्यास ती वाट तुटते; परंतु शिनाणे वाढून माळ जड होते, दोर ताणतो, आणि टोक हळूहळू चिखलास लागते. बांधताना बरोबर असलेली माळ चार महिन्यांनी बरोबर असेलच असे नाही. पोहणाऱ्या पिलांच्या जातींवर मात्र हा उपाय चालत नाही. तेथे पिंजरे उघडून आतून तपासणे भाग पडते.

औषधाचा मोह

शेतातील गोगलगायींसाठी औषध मिळते, मग खाडीत ते का टाकू नये, असा प्रश्न हटकून विचारला जातो. हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेतील मिलफर्ड येथील प्रयोगशाळेत व्हिक्टर लूसानॉफ यांनी १९५० व १९६० च्या दशकांत क्लोरिनयुक्त रसायने वाळूत मिसळून कालवांच्या क्षेत्राभोवती पसरून पाहिली. गोगलगायी त्यायोगे मरत असत. परंतु अशी रसायने लवकर नष्ट होत नाहीत, आणि पुढे त्यांच्या दुष्परिणामांची जाणीव वाढल्यावर ही पद्धत मागे पडली. कालव हे पाणी गाळणारे यंत्रच आहे. पाण्यात जे टाकावे ते त्याच्या मांसात येते व तेथून खाणाऱ्याच्या पोटात जाते. खाडीत औषध टाकणे म्हणजे आपल्याच मालात विष कालविणे होय.

होड्यांच्या तळास लावावयाच्या रंगाचे प्रकरण याच जातीचे. तळास शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन असलेला रंग जगभर वापरीत असत. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे १९७० च्या सुमारास मांसाहारी गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटलेली आढळली. त्यांची वीण थांबली व पुष्कळ ठिकाणी त्या नाहीशा झाल्या. कोणास वाटेल, बरेच झाले. परंतु फ्रान्समधील आर्काशों उपसागरात त्याच रंगाने कालवांची वाढ खुंटली, कवचे वेडीवाकडी झाली व धंदा बुडण्याच्या बेतास आला. फ्रान्सने १९८२ साली लहान होड्यांवर या रंगास बंदी घातली. २००८ पासून ती बंदी आंतरराष्ट्रीय कराराने सर्व जहाजांस लागू झाली.

वेचणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

येथवर सांगितलेल्या गोगलगायी माणसास इजा करीत नाहीत. परंतु आणखी एक वर्ग असा आहे की, त्यास हात लावू नये. कोनस म्हणजे शंकूच्या आकाराच्या गोगलगायी. एक बाजू रुंद व सपाट, दुसरी निमुळती, अंगावर सुंदर नक्षी, आणि तोंडाची फट लांब व अरुंद, असे त्यांचे रूप असते. भारताच्या किनाऱ्यावर यांच्या अनेक जाती आढळतात. यांचा दात पोकळ सुईसारखा असून तो भाल्याप्रमाणे फेकला जातो व त्यातून विष टोचले जाते. बहुतेक जाती किडे किंवा इतर गोगलगायी खातात व त्यांचा दंश गांधीलमाशीसारखा भासतो. मासे खाणाऱ्या जातींचे विष मात्र श्वासाचे स्नायू लुळे करते. कोनस जिऑग्राफस या जातीच्या दंशाने माणसे दगावली आहेत. याच विषांचा अभ्यास करून एका जातीपासून तीव्र वेदनांवरचे औषध सापडले व अमेरिकेत २००४ साली त्यास मान्यता मिळाली, ही निराळी हकीकत.

ट्रॉलरच्या जाळ्यातील मासळी निवडणाऱ्या स्त्रिया व किनाऱ्यावर खेळणारी मुले यांना या शंकूचे चित्र दाखवून ठेवणे हे ग्रामसेविकेचे काम आहे. नक्षीदार शंकू ओटीत किंवा खिशात घालू नये. निमुळत्या टोकाकडून सोंड बाहेर येते व ती पाठीमागेही वळू शकते, म्हणून रुंद बाजूने धरले तर धोका नाही हा समज चुकीचा आहे. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये. हात किंवा पाय रुंद पट्टीने घट्टसर गुंडाळून फळीस बांधावा, हलू देऊ नये, रुग्णास चालवू नये आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे. या विषावर उतारा म्हणून लस नाही; श्वास बंद पडू लागल्यास तो कृत्रिम रीतीने चालू ठेवणे हाच उपचार, आणि विष उतरेपर्यंत तो चालू राहिला तर रुग्ण वाचतो. गोगलगाय सापडली असेल तर डॉक्टरांना दाखविण्यासाठी ती झाकणाच्या डब्यात, चिमट्याने उचलून, सोबत न्यावी.